तेहेतीस फुटांची साखळी आणि लॅक्स्टनचं रान

बुधवार

किंग्ज क्रॉसहून निघालेली गाडी दीड तासात न्यूअर्कला पोचली. दुपारचे दोन वाजत होते आणि उजेड आत्ताच उतरणीला लागला होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडच्या या भागात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. आप्पांनी माकडटोपी कानांवर ओढली, मफलर दोनदा गुंडाळला आणि पिशवीतली टेप जागेवर आहे ना, हे चाचपून पाहिलं.

आप्पा चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली किती गावं त्यांनी पायांखाली घातली, त्याचा हिशेब त्यांनाही लागत नाही. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते माझ्याकडे लंडनला तीन महिन्यांसाठी आले. म्युझियमं झाली, राजवाडा झाला, थेम्सवरची बोटही झाली. सगळीकडे ते कौतुकाने यायचे, पण घरी परतल्यावर गप्प असायचे. मग एका रात्री जेवताना मी त्यांना सांगितलं की नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे अजून मध्ययुगातल्यासारखी सामाईक रानं आहेत. मोठ्या रानात प्रत्येक शेतकऱ्याचे वेगवेगळे पट्टे, मध्ये ना बांध ना कुंपण.

"मग हद्दी कोण बघतं?" आप्पांनी विचारलं.

"गावातलेच बाराजण. वर्षातून एकदा, सगळे मिळून. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी."

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "हा गुरुवार कधी येतो?" त्यांनी विचारलं. म्हणून आम्ही इथे.

न्यूअर्कचा किल्ला ट्रेंट नदीच्या काठावर भग्न उभा आहे. किंग जॉन १२१६ साली इथेच वारला. गाडी भाड्याने घेऊन निघताना आम्ही तो पुलावरूनच पाहिला. मनात लॅक्स्टन होतं.

ए-६१६ या रस्त्याने वायव्येला जाताना जमीन हळूहळू बदलते. ट्रेंटच्या काठची सपाटी मागे पडते आणि लाटांसारखे चढउतार सुरू होतात. नील्सॉल गावापाशी उजवीकडे वळलं की दोन्ही बाजूंच्या कुंपणाच्या झुडपांतून माती दिसायला लागते. ती लाल आहे. कोकणातल्या जांभ्याची लाली वेगळी. इथली लाली विटेसारखी, गुळगुळीत आणि चिकट. आप्पांनी गाडी थांबवायला लावली, उतरून चिमूटभर माती बोटांत मळली आणि म्हणाले, "चिकणमाती. पावसात पाय धरणार, उन्हात भेगाळणार. हिला नांगरायला ताकद लागते."

हे त्यांचं वाक्य पुढचे तीन दिवस मला पुन्हा पुन्हा आठवलं, कारण लॅक्स्टनचा निम्मा इतिहास या मातीतूनच निघतो.

गाव एका दांडावर वसलं आहे. रस्ता गावातून जातो तेव्हा दोन्ही बाजूंना रान खाली उतरत जातं. घरं विटांची. बरीचशी जुनी शेतघरं रस्त्याकडे तोंड करून नाहीत, त्यांची आखूड बाजू रस्त्याला लागलेली आहे. घराच्या मागे अंगण, गोठा-कोठार आणि त्यामागे लांबट पट्टीसारखा परसू. सगळ्या घरांना रस्त्याची थोडी थोडी बाजू मिळावी म्हणून जागा अशी अरुंद आणि लांब कापलेली. आमच्या गावच्या पेठेतले वाडे असेच आहेत, दर्शनी चार खण आणि मागे खोल खोल गेलेले. आणखी एक गोष्ट आप्पांच्या लगेच लक्षात आली. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतघर आपापल्या शेतात एकटं उभं असतं. इथे शेतकरी गावात राहतो आणि सकाळी रानात जातो. "आपल्यासारखं," ते म्हणाले.

गुरुवार

सकाळी नऊला गावच्या 'डव्हकोट इन' या पबपाशी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर तयार होता. ट्रॉलीत लाकडी मेखांचे भारे, घण आणि फावडी. हळूहळू माणसं जमली. जाड बूट, मेणकापडाची जाकिटं, लाल पडलेली नाकं. आजचे हे पंच. मागच्या वर्षीच्या गावसभेत या बाराजणांनी शपथ घेतलेली असते, त्यांच्यावर एक म्होरक्या असतो. गावसभा म्हणजे 'कोर्ट लीट', जहागिरीच्या काळापासून चालत आलेलं गावचं न्यायासन. एकेकाळी इंग्लंडच्या गावोगाव अशी कोर्टं होती. रानातल्या शेतीचा कारभार अजून चालवणारं लॅक्स्टनचं.

आम्ही बाजूला उभं राहून बघितलं तर चालेल का, असं मी विचारलं. म्होरक्याने आप्पांकडे बघितलं आणि ते काय करतात ते विचारलं. मी सांगितलं की भारतात यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. त्यावर त्याने आप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला की मग यांनी लांब का उभं राहायचं, बरोबर चालावं.

थोडं रानाबद्दल सांगते. लॅक्स्टनला तीन मोठी रानं आहेत. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पूर्वी चौथंही होतं, ईस्ट फील्ड, ते पुढे कुंपणात गेलं. दर वर्षी एका रानात थंडीत पेरलेला गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे सरकतं. तीन वर्षांत प्रत्येक रानाला एकदा विसावा मिळतो. पूर्वी पड रानात गावची गुरं चरायची आणि त्यांच्याच शेणाने रान पुन्हा कसदार व्हायचं. आता त्या रानात वैरण घेतात. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असतात, त्यामुळे कोणत्याही वर्षी एखाद्याच्या वाट्याला सगळीच पड किंवा सगळंच वाईट रान येत नाही. उंचावरची निचऱ्याची जमीन, उतारावरची, खाली पाणी धरणारी, सगळ्यांना सगळ्यातलं थोडं थोडं.

पंच ज्या रानात गव्हाची पेरणी झालेली असते तेच रान बघतात. यंदा ते मिल फील्ड होतं. गहू चार बोटं वर आला होता. पावसाची भुरभुर सुरू होती आणि नजर जाईल तिथवर एकसंध हिरवं रान पसरलेलं होतं. कुठे झुडूप नाही, तार नाही, दगड नाही. इंग्लंडमध्ये दहा वर्षं राहूनही मी असं उघडं रान पाहिलं नव्हतं. इथला देखावा म्हणजे कुंपणांच्या चौकटी, असंच डोळ्यांना वळण पडलेलं. आप्पा मात्र एकदम सैलावले. म्हणाले, "हे तर आपलं पठार आहे गं."

पंच काय बघतात? पट्ट्याची मधली हद्द तर बघतातच, पण मुख्य नजर असते ती कडेला. रानातून जाणाऱ्या गवती वाटा आणि 'सायक' म्हणून ओळखले जाणारे गवताचे ओघळ ही सामाईक मालमत्ता. सायक म्हणजे खोलगट, पाणथळ किंवा फार उताराची जागा, जिथे नांगर चालत नाही. तिथे गवत राखतात, त्याचा दर वर्षी लिलाव होतो. शेकडो वर्षं या ओघळांना नांगर लागलेला नाही, म्हणून त्यांत अशी रानफुलं टिकली आहेत की सरकारने हे सायक संरक्षित जागा म्हणून जाहीर केले आहेत. आता शेतकऱ्याचा नांगर दर वर्षी एकेक बोट या गवतात शिरला, तर पन्नास वर्षांत वाट उरणार नाही. ते शिरणं पकडायचं, हे पंचांचं काम.

मराठीत याला नेमका शब्द आहे. बांध कोरणं.

म्होरक्या पुढे, बाकीचे त्याच्या मागे फळी करून. एका ठिकाणी सगळे थांबले. जुनी मेख गवतात तिरपी झाली होती. दोघांनी दोन टोकांना उभं राहून नजरेने रेघ जुळवली, तिसरा मध्ये उभा राहून हाताने खुणा करत होता. डावीकडे थोडं, अजून थोडं, बस. मग नवी मेख रोवली आणि घणाचे चार घाव घातले. आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "लाइन आउट करतायत. दुर्बीण नाही, काही नाही. नजर पक्की आहे."

पुढे एका पट्ट्याच्या टोकाशी गव्हाची शेवटची ओळ मेखेच्या रेषेबाहेर गेली होती. फार नाही. एक तास. मराठीत नांगराने पडणाऱ्या घळीला तास म्हणतात, तेवढाच. पंच वाकून बघत होते. कोणी आवाज चढवला नाही. मग त्यांच्यातलाच एक उंच, पन्नाशीचा माणूस पुढे झाला, ट्रॉलीतून मेख काढली आणि योग्य जागी धरून उभा राहिला. दुसऱ्याने घण मारला. पहिला घाव, दुसरा, तिसरा. म्होरक्याने वहीत नोंद केली. ट्रॉली पुढे निघाल्यावर मी विचारलं तेव्हा कळलं, तो पट्टा मेख धरणाऱ्याचाच होता. पुढच्या गुरुवारी कोर्टात त्याचं नाव वाचलं जाईल आणि दंड ठरेल. पंच तो स्वतः, गुन्हा त्याचा, मेखही त्यानेच धरलेली.

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या भावकीत कराडजवळच्या रानात एका बांधावरून एकोणीस वर्षं दावा चालला. दोन चुलतभाऊ, मध्ये सव्वा हात जमीन. आप्पा स्वतः मोजणीदार असल्यामुळे त्या मोजणीला हात लावू शकत नव्हते आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक मोजणीवर एक ना एक बाजू हरकत घेत होती. त्या बांधावरून चुलत्यांच्या घरातलं जाणंयेणं तुटलं. माझ्या लग्नाला ते घर आलं नाही. हे सगळं ते मिल फील्डच्या गवतात उभं राहून आठवत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

दुपारी पबमध्ये गरम जेवण. आप्पांनी सूप आणि बटाटे घेतले. आमच्या टेबलाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गावच्या मालकीची हकिगत सांगितली. लॅक्स्टनचे शेतकरी जमिनीचे मालक नाहीत, कुळं आहेत. पिढ्यान् पिढ्या हे गाव बहुतांशी जवळच्या थोर्सबीच्या पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडे होतं. ही पद्धत मोडू नये म्हणून १९५२ साली ते सरकारच्या शेती मंत्रालयाला विकण्यात आलं. १९८१ मध्ये मंत्रालयाने हात काढून घेतला तेव्हा क्राउन इस्टेटने, म्हणजे राजाच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेने घेतलं, आणि २०२० साली ते पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे आलं. मालक बदलले, पण प्रत्येक वेळी बोली एकच राहिली, की रानं फोडायची नाहीत.

"फायदा होतो का?" आप्पांनी मला विचारायला सांगितलं.

म्हातारा म्हणाला की पट्ट्यापट्ट्याने ट्रॅक्टर वळवत शेती करणं महाग पडतं, म्हणून बहुतेकांना जोडीला कुंपणातली वेगळी जमीनही असते. मग थोडं थांबून म्हणाला, की तरीही नोव्हेंबरच्या या गुरुवारी आजारी पडलेला माणूसही उठून येतो.

शुक्रवार

रात्रभर पाऊस. सकाळी डव्हकोटच्या बाजूच्या लहानशा माहिती केंद्रात गेलो. तिथे १६३५ सालच्या नकाशाची प्रत आहे. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. सर विल्यम कोर्टेन या व्यापाऱ्याने लॅक्स्टनची जहागीर विकत घेतल्यावर मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून हा नकाशा आणि त्याच्या सोबतीची जमिनीची यादी करून घेतली. कोणता पट्टा कोणाचा, किती, कोणत्या रानात, सगळं त्यात आहे. चारशे वर्षांपूर्वीचा गावनकाशा आणि त्याच्या जोडीला आकारबंद, असंच म्हणायला हवं.

आप्पा त्या नकाशापुढे पाऊण तास उभे होते. मी आधी इतर फलक वाचले, मग त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. पट्टे केसांसारखे बारीक, शेकड्यांनी, जुड्या जुड्या करून मांडलेले. मधूनमधून मोजणीदाराने लहान चित्रं काढली आहेत, नांगर धरणारी माणसं, कापणी करणारी, शिकार करणारी. मिल फील्डात पवनचक्की. आणि पट्टे सरळ नाहीत. लांबून बघितलं की ते हलके बाकदार दिसतात, उलट्या एस अक्षरासारखे.

आप्पांनी बोट काचेपासून दोन अंगुळं लांब धरून एका पट्ट्याची वळणं हवेत गिरवली. "बैल," ते म्हणाले.

बरोबर होतं त्यांचं. या चिकणमातीला जड नांगर लागायचा आणि तो ओढायला आठ-आठ बैल. एवढी लांब जोत फिरवायची तर शेताच्या टोकाला पोचायच्या आधीच बैल एका बाजूला वळवायला सुरुवात करावी लागते. शेकडो वर्षं तसंच वळत गेल्यावर पट्ट्यालाच वळण पडलं. आणि बैल फिरवणं अवघड म्हणून पट्टे लांब. बैल दमून थांबेपर्यंत पडणाऱ्या तासाची लांबी म्हणजे फर्लांग. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच 'तासाएवढं लांब' असा होतो. आपण 'गाव दोन फर्लांगांवर आहे' म्हणतो तोच हा. २२० यार्ड.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात आप्पांच्या लहानपणी आठ बैलांचा नांगर चालायचा. एवढे बैल एका घरी नसायचे, म्हणून इर्जिक घालायचे. ज्याचं रान त्याने जेवण द्यायचं, बाकीच्यांनी बैल आणि नांगर घेऊन यायचं. लॅक्स्टनसारख्या गावांत जमीन अशी पट्ट्यांनी का वाटली गेली, याचं एक कारण हेच सांगतात. बैल एकाचे नव्हते, म्हणून नांगरट एकाची नव्हती. चार घरांचे बैल जुंपून नांगरलेलं रान चार घरांत पट्ट्यापट्ट्याने वाटलं जायचं. हे मी आप्पांना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, "मला काय सांगतेस, मी इर्जिकीच्या पंक्तीला वाढलंय."

आणि इथून पुढे जे झालं त्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

आप्पांनी खिशातली डायरी काढली. एक फर्लांग लांब, २२० यार्ड. त्याची रुंदी एक साखळी, २२ यार्ड. २२० गुणिले २२ म्हणजे ४८४० चौरस यार्ड. एक एकर. नांगराची एक जोत साधारण दिवसभरात जेवढं रान नांगरू शकेल, तो एकर. आणि ४८४० भागिले ४० म्हणजे १२१ चौरस यार्ड. एक गुंठा. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट.

१८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची शेतसारा मोजणी घडवली. त्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, इंग्लंडच्या २२ यार्डांच्या साखळीच्या बरोबर निम्मी. त्या साखळीने आमचं सगळं मुलुख मोजलं गेलं. सर्व्हे नंबर पडले, टिपणं झाली, सातबारा आला. आप्पा नोकरीला लागले तेव्हा कचेरीच्या कोपऱ्यात शंकुसाखळी पडलेली असायची आणि जुने लोक तिच्यावरच हात बसवून घ्यायला लावायचे. तेहेतीस फूट त्यांच्या पायांत आहेत. अजून कुठेही चालताना ते मोजतात, मला माहीत आहे. पण तो आकडा कुठून आला, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नोकरीभर ज्या मापाने मोजलं, ते माप अशाच चिकणमातीत ओल्या बैलांच्या मागे चालून ठरलं होतं.

"म्हणजे आपला गुंठा इथला," आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

पाऊस थांबल्यावर गावाच्या उत्तरेला किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हणजे आता गवताने मढलेली मातीची टेकडी आणि भोवतीचे खंदक. नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर देश जिंकला तेव्हा असे मातीचे उंचवटे करून त्यांवर लाकडी गढ्या बांधल्या. १०८६ च्या डूम्सडे या नोंदवहीत लॅक्स्टन आहे. आधी ते तोकी नावाच्या जमीनदाराचं होतं, नंतर जेफ्री अल्सेलिनचं झालं. पुढे द कॉ आणि एव्हरिंगहॅम ही घराणी आली. राजाच्या शिकारीच्या अरण्याची, म्हणजे शेरवुडची राखण त्यांच्याकडे होती, आणि त्या अरण्याचा कारभार या टेकडीवरून चालायचा. मेंढ्या चरत होत्या. वरून तिन्ही रानं दिसतात. बाजूच्या कुरणात जमिनीवर लाटा उमटल्यासारख्या दिसत होत्या. जुन्या नांगरटीच्या वरंब्या-सऱ्या. पुढे कधीतरी गवताला सोडलेल्या रानात त्या तशाच गोठून राहतात. पाऊस सऱ्यांत साचला होता, म्हणून त्या जास्तच स्पष्ट दिसत होत्या.

सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या थडग्यांवर निजलेल्या मूर्ती आहेत. बाकीच्या दगडी, पण त्यांतली एका स्त्रीची मूर्ती लाकडाची आहे. नॉटिंगहॅमशायरमध्ये मध्ययुगातली एवढी एकच लाकडी मूर्ती उरली आहे. चेहरा झिजला आहे, पण हात जोडलेले अजून ओळखू येतात. चर्च थंडगार होतं, आम्ही फार थांबलो नाही.

गावच्या शिवेवर नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, १९९५ साली सुरू झालेलं. बागेत गुलाबांची झाडं, प्रत्येकाशेजारी कोणाच्या ना कोणाच्या नावाची पाटी. थंडीत फुलं नव्हती. आप्पांनी जेवढ्या पाट्या वाचता आल्या तेवढ्या उभं राहून वाचल्या.

शनिवार

परतीच्या वाटेवर साउथवेल गाव लागतं, तिथे थांबायचं मी ठरवलं होतं. तिथल्या मिन्स्टरच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या सभागृहात तेराव्या शतकातली दगडी पानं कोरलेली आहेत. ओक, द्राक्ष, हॉथॉर्न, हॉप्स, प्रत्येक पान ओळखू येतं. तीही पाहिली. पण मला आप्पांना दाखवायची होती ती गावाबाहेरची विटांची मोठी इमारत, १८२४ साली बांधलेली. साउथवेलचं वर्कहाउस, निराधारांना ठेवायची जागा. आम्ही ती रस्त्यावरूनच पाहिली.

तिची आणि लॅक्स्टनची गोष्ट एकच आहे. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने सामाईक जमिनींना कुंपण घालायचे ५२०० हून अधिक कायदे केले. लॅक्स्टनसारखीच सामाईक रानं एकामागून एक मोजली गेली, एकत्र केली गेली आणि कुंपणं घालून मालकांच्या नावावर झाली. जवळजवळ ६८ लाख एकर, इंग्लंडच्या जमिनीचा पाचवा हिस्सा. पीक वाढलं, हे खरं आहे. मोठ्या मालकाला नव्या पद्धतीने शेती करता आली, हेही खरं. पण ज्याचा सामाईक गवतात एका गाईपुरता हक्क होता, सरपणापुरता हक्क होता, तो कागदावर काही दाखवू शकला नाही. त्याची गाय गेली आणि तो मजूर झाला. अशा गावांत निराधार वाढले आणि त्यांना पोसायचा खर्च कमी कसा करायचा, या विचारातून वर्कहाउसं आली. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. साउथवेलच्या नमुन्यावर १८३४ नंतर देशभर तशीच वर्कहाउसं उभी राहिली.

लॅक्स्टन वाचलं ते मुख्यतः दैवाने. एकोणिसाव्या शतकात तिथली जमीन दोन बड्या घराण्यांत विभागलेली होती. कुंपण घालायचं तर दोघांना सगळी अदलाबदल जुळवावी लागली असती, आणि ते वेळेवर घडलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून थोडे रुंद केले, एवढंच.

आप्पा इमारतीच्या खिडक्या मोजत असावेत असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "मोजणी करणारा तिथेही असणारच. त्याने साखळी टाकली म्हणूनच कुंपण पडलं." जरा वेळाने म्हणाले, "मी एकत्रीकरणाच्या योजनेत काम केलंय. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. तुकडे जोडून एकेक गट करायचा. कागदावर चांगलं होतं. पण कोणाची विहीर कोणाच्या गटात गेली, कोणाची वाट बुजली. एका म्हातारीने माझी साखळी धरून ठेवली होती, सोडेचना." हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

तिथून न्यूअर्कला जायचं, पण आप्पा म्हणाले, अजून उजेड आहे, परत एकदा लॅक्स्टनला जाऊ. वाट वाकडी करून वीस मिनिटांत पुन्हा मिल फील्डपाशी पोचलो. रानात कोणी नव्हतं. परवाच्या नव्या मेखांची पांढरी डोकी हिरव्यात उठून दिसत होती. आप्पांनी टेप बाहेर काढली, क्षणभर हातात धरली आणि परत पिशवीत टाकली. मग गवती वाटेच्या कडेने, गव्हाला पाय न लावता, ते चालायला लागले. ओठ हलत होते. तेरा पावलं झाली की थांबत, मागे बघत, पुन्हा तेरा. मी त्यांच्या मागून चालत होते. वीस वेळा मोजून झाल्यावर ते थांबले.

"फर्लांग," ते म्हणाले. बुटांना लाल चिखलाचे गोळे लागले होते.

पुढचा गुरुवार, लंडन

आज डव्हकोटमध्ये कोर्ट भरणार होतं. मी घरूनच काम करत होते. आप्पा सकाळी आंघोळ, पूजा उरकून खिडकीशी बसले होते. पेपर हातात होता, पण पान उलटलेलं नव्हतं. अकराच्या सुमारास त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"आता नावं वाचत असतील," ते म्हणाले. "त्या उंच माणसाला किती दंड होईल गं?"

मला माहीत नव्हतं. मी चहा टाकायला उठले. परत आले तेव्हा ते फोनवर होते, कराडला. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्या घरी फोन लागल्याचं ऐकलं नव्हतं. पलीकडे चुलतकाका असावेत, कारण आप्पा त्यांना इंग्लंडची माती कशी लाल आहे ते सांगत होते, आणि नांगराला आठ बैल लागायचे ते, आणि आपल्या आबांच्या इर्जिकीला कोण कोण यायचं, ते विचारत होते.